वर्षावासाचं भोजनदान : घरोघरचे डबे की कॅटरर?

गोदाकाठ

सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

आमच्या नाशिकच्या कॉलनीतल्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून, म्हणजे वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा मुक्काम) लागल्यापासून, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू आहे. आश्विन पौर्णिमेला सांगता. त्या दिवशी भन्तेजींना (भिक्खूंना) भोजनदान आणि मग सगळ्यांचं जेवण. गेली पंचवीस-तीस वर्षं हे जेवण घराघरातून यायचं. कुणी पंचवीस पोळ्या, कुणी मटकीची उसळ, कुणी भाताचं पातेलं. खीर मात्र विहारातच शिजायची.

या वर्षी समितीने कॅटररचा भाव आणलाय. ११० रुपये ताट, ३०० माणसं. घरटी ५०० रुपये वर्गणी, बाकीचे समिती उभे करणार. समितीची अडचण मला कळते. दोघं नोकरी करणारी घरं वाढलीत, स्वयंपाकाला माणसं मिळत नाहीत.

पण आमच्या घरात एक डबा आहे. डालड्याचा जुना, पिवळा रंग उडालेला. सासूबाई वर्षावासाच्या पहिल्या दिवसापासून रोज भाताचे तांदूळ घेताना आधी एक मूठ त्या डब्यात टाकतात. तीन महिन्यांत डबा भरतो आणि त्या तांदळाची खीर होते. आधी गल्लीतल्या बऱ्याच घरांत असा डबा होता, आता फक्त आमच्याकडे राहिलाय. समितीचा निरोप आला की धान्य नको, रोख द्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री तांदूळ घेताना पुन्हा एक मूठ डब्यात टाकली.

बुद्ध पौर्णिमेला खीर कॅटररकडूनच आली होती. माझ्या मुलीने विचारलं, "आई, ही कुठल्या दुकानातली?" तेव्हापासून मनात घोळतंय. तुमच्याकडे काय करतात? दान द्यायचं म्हणजे नक्की काय द्यायचं?

समतादूत

ताई, भावना समजली, पण कॅटररच बरा. आम्ही चार वर्षांपूर्वी घरचे डबे बंद केले. एका वर्षी एका घरची भाजी उन्हाने आंबली होती, वीस-एक जणांना त्रास झाला. कुणाच्या घरची हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी तोंडाने बोललं नाही, तरी ते कुटुंब दोन वर्षं विहारात आलं नाही. भोजनदानाने माणूस तुटत असेल तर काय उपयोग?

ठाण्याची_ताई

मी बाईच्या बाजूने बोलते. "घरचं जेवण" म्हणताना ते कोण करतं, हेही म्हणा.

आमच्या विहारात मी तीन महिने रोज वाचनाला बसायचे. शेवटच्या दिवशी भन्तेजींची देसना, म्हणजे धम्मावरचं प्रवचन, आणि मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुऱ्या तळत. माझ्यासारख्या अकरा बायका. माईकचा आवाज शेडपर्यंत यायचा, शब्द कळायचे नाहीत. पुरुष मंडळी पुढे सतरंजीवर. सगळं उरकून हात पुसत आत आलो, तर शेवटचं सरणत्तयं गीतही संपलेलं. एका वर्षी मला रडू आलं. मी धम्म ऐकायला आले होते.

कॅटरर आला त्या वर्षी पहिल्यांदा मी सांगतेची देसना पूर्ण ऐकली. म्हणून मला त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही.

गोदाकाठ

ठाण्याची_ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडेही तेच चित्र आहे. डब्याचं कौतुक लिहिताना पुऱ्या कोण तळतं हे मी लिहिलंच नाही.

राजेहो_नागपूर

जय भीम. आमच्या नागपुरातलं सांगतो.

माझी माय सांगायची, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जे लोक खेड्यातून येत, ते आपली शिदोरी घेऊनच येत. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, झुणका, ठेचा. तीन-तीन दिवसांची. मैदानातच झोपायचे. आमचं घर दीक्षाभूमीपासून पायी वीस मिनिटांवर. माय आदल्या रात्री चूल पेटवायची, ती दुसऱ्या दिवशी दुपारीच विझायची. बाबा रस्त्यावर उभे राहून लोकांना घरी बोलवायचे : चला राजेहो, हातपाय धुवा, गरम भाकर खाऊन घ्या. अंगणात वीस-पंचवीस माणसं. वाशीम, यवतमाळ, परभणी, कुठकुठले. कोण कुणाचा, कुणी विचारत नव्हतं. दोन-तीन कुटुंबं तर दरवर्षी आमच्याकडेच यायची. त्यांच्यापैकी एका घरी माझ्या बहिणीचं लग्न झालं.

आता दीक्षाभूमीकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर भोजनदानाचे स्टॉल असतात. पुरीभाजी, मसालेभात, बुंदी, पाण्याचे पाऊच. बँकांच्या, कार्यालयांच्या कर्मचारी संघटना, डॉक्टरांचे गट, कॉलेजची पोरं. लाखोंनी लोक येतात, कुणी उपाशी परत जात नाही. मला याचा अभिमान आहे. आमच्या अंगणात पंचवीस माणसं जेवत, आमच्या ऑफिसच्या स्टॉलवर एका दिवसात पाच हजार जेवतात.

फक्त एक गोष्ट सलते. अंगणात जेवलेल्या माणसाचं गाव मला आजही आठवतं. स्टॉलवर मी सहा तास पुऱ्या वाटल्या, एकाचंही गाव विचारलं नाही. रांग पुढे सरकवायची असते.

वहीपेन

राजेहो, अन्नाची नासाडी पण सांगा. अर्धवट खाल्लेली ताटं, दुभाजकावर भाताचे ढीग. एकाच रस्त्यावर दहा स्टॉल, सगळ्यांकडे पुरीभाजी. माणूस पाचव्या स्टॉलवर "नको" म्हणतो तरी हातात देतात. २०१८च्या प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीनंतर ताटं कागदी झाली, टाकलेला भात तसाच आहे.

धम्मपदात स्पष्ट आहे, "सब्बदानं धम्मदानं जिनाति". सगळ्या दानांवर धम्माचं दान मात करतं. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला हारफुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणा, असं अभियान निघालं आणि लोकांनी ते उचलून धरलं. आम्ही आमच्या वस्तीतून गेल्या वर्षी चारशे वह्या नेल्या. ३०० ताटांचे ३३,००० रुपये म्हणजे किती मुलांची वर्षाची वह्या-पुस्तकं, याचा हिशोब एकदा समितीपुढे मांडा.

राजेहो_नागपूर

नासाडी होते, खरं आहे. आम्ही दोन वर्षांपासून शेजारच्या चार स्टॉलवाल्यांशी आधी बोलून घेतो. एक पुरीभाजी, एक खिचडी, एक फळं, एक फक्त पाणी. उरलेलं खूप कमी झालं.

पण वही आणि भाकरीचं भांडण लावू नका, बाप्पा. परभणीहून रात्रभर उभ्याने आलेल्या म्हातारीला सकाळी वही दिली तर ती काय करेल?

आणि पुस्तकांचं म्हणाल, तर दीक्षाभूमीवर पुरीच्या रांगेपेक्षा पुस्तकांच्या दुकानांवरची गर्दी बघा. जेवण फुकट मिळतं म्हणून खिशातले शंभर रुपये उरतात आणि ते पुस्तकाला जातात. हे मी हजारदा पाहिलंय.

सुकटभाकरी

मी महाडकडचा. एक वेगळाच मुद्दा. भोजनदान शाकाहारीच असलं पाहिजे हे कधी ठरलं? आमच्या आजीच्या वेळी भन्तेजी गावात आले की घरात जे असेल ते. तांदळाची भाकरी, सुकट, कधी बोंबलाचं कालवण. आता कुणी सुकटीचं नाव काढलं तर चार जण अंगावर येतात.

पाली_अभ्यासक

सुकटभाकरी, विनयापुरतं, म्हणजे भिक्खूंच्या नियमांपुरतं सांगतो. भिक्खूने पात्रात पडेल ते घ्यायचं. मांसाला तीन अटी : तो प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिलेला नसावा, तसं ऐकलेलं नसावं, तशी शंकाही नसावी. संघात मांस-मासे पूर्ण बंद करा, ही देवदत्त नावाच्या भिक्खूची मागणी होती आणि भगवान बुद्धांनी ती सर्वांवर लादायला नकार दिला. तेव्हा तुमच्या आजीचं काही चुकलं नाही. आज सार्वजनिक जेवण शाकाहारी ठेवतात ते मुख्यतः सोयीने : मोठं जेवण टिकतं, सगळ्यांना चालतं. "मी सर्व प्राणिमात्रांवर दया करीन" ही धम्मदीक्षेतली प्रतिज्ञाही लोकांच्या मनात असते. दोन्ही कारणं चांगली आहेत. पण तोच एक नियम आहे असं सांगून आजीच्या सुकटीला कमी लेखू नये.

जाता जाता : भन्तेजींचं भोजन दुपारी बाराच्या आत झालं पाहिजे. कॅटररला हे लेखी द्या. आमच्याकडे एकदा टेम्पो पावणेबाराला आला होता, सगळ्यांची नुसती धावपळ.

समतादूत

थोडं मुळाशी जाऊ. आपण "पुण्य" हा शब्द का वापरतो? भन्तेजींना जेवू घातलं की पुण्य, घरातलं माणूस गेलं की पुण्यानुमोदन, त्यात पुन्हा जेवणावळ. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही असं आपण म्हणतो, आणि मग मांडव घालून दोनशे पानं उठवतो. तेराव्याचा सातवा दिवस केला, एवढाच फरक. माझ्या चुलतभावाने वडिलांच्या पुण्यानुमोदनासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं. लोकांनी जेवण कसं होतं ते विचारलं, कर्जाबद्दल कुणी विचारलं नाही.

पाली_अभ्यासक

समतादूत दादा, कर्जाबद्दल पूर्ण सहमत. पण पुण्यानुमोदन म्हणजे नाव बदललेलं तेरावं, हे मला मान्य नाही.

आपण म्हणतो ती गाथा : "इदं वो ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो." हे आमच्या ज्ञातींना लाभो, आमचे ज्ञाती सुखी होवोत. ही तिरोकुड्ड सुत्ताच्या परंपरेतली. त्या सुत्ताची सुरुवात मला फार हलवते : गेलेले आप्त आपल्या जुन्या घराच्या भिंतीबाहेर, चौकात, दाराशी उभे आहेत, आत भरपूर अन्न आहे आणि कुणाला त्यांची आठवण नाही. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या भाष्यात, ही राजा बिंबिसाराची गोष्ट म्हणून येते. तो संघाला दान देतो आणि आप्तांचं स्मरण करतो.

बाबासाहेबांनी आत्म्याचं एका देहातून दुसऱ्यात जाणं मानलं नाही, म्हणून आपल्यातले बरेच जण ही कथा शब्दशः घेत नाहीत. मीही घेत नाही. पण गेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाला जेवू घालणं मला महत्त्वाचं वाटतं. पिंड कावळ्यासाठी ठेवायचा, इथे ताट भुकेल्यापुढे ठेवायचं. "पुण्य" हा शब्द खटकत असेल तर "दान पारमिता" म्हणा. दहा पारमितांत, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांत, ती पहिली आणि त्या पाळण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे.

आणि अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्या कामाचा आनंद मानणं. त्याला पैसा लागत नाही, 'साधु' म्हटलं की झालं. वडिलांच्या नावाने दहा मुलांना जेवू घातलं तरी ते पूर्ण आहे.

समतादूत

दहा मुलांचं पटलं. भावाला हे आधी सांगणारं कुणी हवं होतं.

कोलंबोकर

कामासाठी सहा वर्षं श्रीलंकेत आहे. इथलं थोडं सांगू का?

वेसाकला, म्हणजे आपल्या बुद्ध पौर्णिमेला, इथे रस्तोरस्ती "दन्सल" लागतात. हा शब्द म्हणजे आपली दानशाळाच. कुणी भात-कालवण देतं, कुणी उकडलेले हरभरे, कुणी मॅनिऑक नावाचा कंद आणि त्यावर मिरचीचं वाटण, कुणी बेलाच्या फुलांचं गरम पेय. आणि हल्ली आइस्क्रीमचे दन्सल! मुलं त्या रांगेतून हलत नाहीत. लोक गाडी काढून एका दन्सलवरून दुसऱ्या दन्सलवर जातात, पोट भरलेलं असलं तरी. म्हातारे इथेही म्हणतात की आता सगळा देखावा झाला. म्हणजे ही तक्रार आपलीच नाही.

समतादूत दादांच्या आंबलेल्या भाजीवरून आठवलं. इथे दन्सलची आधी आरोग्य खात्याकडे नोंद करावी लागते आणि आरोग्य निरीक्षक येऊन स्वयंपाक आणि पाणी तपासतात. कुणी ते मनाला लावून घेत नाही. तपासणारा बाहेरचा असला की शेजाऱ्या-शेजाऱ्यांत संशय येत नाही.

बँकॉकवासी

थायलंडमध्ये भिक्खू रोज पहाटे पात्र घेऊन निघतात. त्याला "तक बात" म्हणतात, त्यातला "बात" म्हणजे आपलं पात्रच. मी राहते त्या गल्लीत पूर्वी बायका घरचा भात घेऊन उभ्या राहायच्या, असं घरमालकीण सांगते. आता कोपऱ्यावरच्या गाडीवर तयार संच मिळतो : भात, रबर लावलेल्या पिशवीत कालवण, पाण्याची बाटली, एक फूल. विकत घ्या, पात्रात ठेवा, हात जोडा, ऑफिस गाठा. पात्र इतक्या लवकर भरतं की मागे एक मुलगा पिशव्या घेऊन चालतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. नंतर मीही दर शुक्रवारी त्याच गाडीवरून घेऊ लागले. घरमालकीण मात्र विकतच्या पिशवीतला भात आधी आपल्या डब्यात काढते आणि डब्यातून चमच्याने पात्रात वाढते. मी विचारलं का, तर म्हणाली, वाढायला हवं.

गोदाकाठ

बँकॉकवासी, तुमच्या घरमालकिणीचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

नर्सताई

एक विनंती सगळ्यांना. आमच्या भागातल्या एका वयस्कर भन्तेजींना मधुमेह आहे. वर्षावासात त्यांना रोज कुठल्या ना कुठल्या घरी आमंत्रण. प्रत्येक घरी खीर, कारण सुजाताने बुद्धांना खीर दिली होती. वर साखरेचा चहा, पोळीवर तूप. भन्तेजी कुणाचं मन मोडत नाहीत, समोर आलं ते घेतात. मी साखर तपासली तर आकडा बघून मीच खाली बसले.

मग मी घराघरांत जाऊन एक कागद दिला : भन्तेजींना ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक, मूठभर फुटाणे. एक आजी रागावल्या, "भाकरी-भाजीचं कसलं दान?" मी म्हटलं, आजी, तुमच्या भाकरीने भन्तेजी अजून दहा वर्षं देसना देतील. तेव्हा पटलं. आता त्या आजीच बाकीच्यांना ओरडतात.

सुकटभाकरी

नर्सताई, साधु साधु साधु. तो कागद इथे टाका ना.

शेजारधर्म

मी बौद्ध नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. आमच्या सोसायटीच्या मागे विहार आहे. दर बुद्ध पौर्णिमेला खीर घरी येते. मला सांगतेच्या जेवणाला यायला आवडेल, पण बोलावणं नसतं आणि न बोलावता जावं की नाही कळत नाही. रिकाम्या हाताने यायचं का?

ठाण्याची_ताई

दादा, बिनधास्त या. काही आणू नका. पंगतीत बसा आणि पोटभर जेवा, तेच खूप आहे. ते का, हे समजायला हवं असेल तर राजेहो किंवा सुकटभाकरी दादांना विचारा.

सुकटभाकरी

विचारलंच आहे तर सांगतो. आजोबांकडून ऐकलेलं आहे.

आमच्या आधीच्या पिढ्यांना गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून भाकरी मागत फिरावं लागे. दिवसभर गावाचं काम करायचं, संध्याकाळी दारोदार जायचं आणि घोंगडीच्या झोळीत वरून टाकलेले तुकडे घ्यायचे. वरून, कारण हात लागायला नको. आजोबा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर जायचे. सणाच्या दुसऱ्या दिवशीचं शिळं जास्त मिळायचं, म्हणून पोरं खूश व्हायची. हे सांगताना आजोबा थांबायचे.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की उष्टं, शिळं मागणं सोडा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. लोकांनी सोडलं. सोडलं म्हणजे काही घरांत उपास पडले. कनिष्ठ गावकी वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, म्हणजे मधली तीस वर्षं लोकांनी हे स्वतःच्या पोटावर निभावलं.

आजोबांनी १९५७मध्ये घरी पहिल्यांदा भोजनदान केलं. एक भन्तेजी, दोन पाहुणे. तांदूळ उसने आणलेले. आजी सांगायची, ताट पुढे ठेवताना त्यांचे दोन्ही हात थरथरत होते, कारण त्या हातांनी आजवर फक्त घेतलं होतं.

म्हणून दादा, तुम्ही आमच्या पंगतीत बसून जेवलात तर आम्हाला काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. आमच्याकडून खीर घेऊन दाराआड मोलकरणीला देणारे शेजारीही मी पाहिले आहेत. तुम्ही या.

शेजारधर्म

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. येतो. बायको-मुलांना घेऊन येतो.

राजेहो_नागपूर

सुकटभाकरी भाऊ, माझी माय चूल का विझू देत नव्हती ते आज नीट कळलं.

त्रिरश्मी

गोदाकाठ ताई, तुम्ही नाशिकच्या, म्हणून हे तुमच्या दारातलंच उदाहरण.

पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरच्या १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई, काळ साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. एका लेखात तो सांगतो की ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) कायमचे ठेवले : २००० महिना शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रासाठी. हिशोब करून बघा : २०००चं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा तेवढेच! गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे.

दुसऱ्या लेखात जेवणाची सोय आहे. त्याने ४००० कार्षापण देऊन एक शेत विकत घेतलं आणि त्याच्या उत्पन्नातून लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या भिक्खुसंघाचा "मुखाहार" चालावा अशी व्यवस्था केली. म्हणजे त्याने स्वतः रांधलं नाही. आपल्या डोंगरावर जवळपास १९०० वर्षांपूर्वी भोजनदान शेताच्या उत्पन्नातून आणि चीवरदान ठेवीच्या व्याजातून चालत होतं. रोख दिलं म्हणून दान हलकं होतं असं मला वाटत नाही. दरवर्षी घरटी ५०० मागण्यापेक्षा विहाराची एक मुदत ठेव करा. व्याजातून जेवण, उरलेल्यातून वह्या.

वहीपेन

त्रिरश्मी, ही ठेवीची कल्पना आमच्या बैठकीत मांडतो. कार्षापणांचा हिशोबही सांगतो.

ठाण्याची_ताई

उषवदात राजाचा जावई होता, त्याला शेत घेता आलं. आपल्याकडे एक मूठ तांदूळ आहे. गोदाकाठ, मी आधी कॅटररच्या बाजूने लिहिलं, ते मागे घेत नाही. पण सासूबाईंचा डबा परत पाठवू नका. खीर विहारातच करा, फक्त ढवळायला पुरुष उभे करा. बाकीचं कॅटररला द्या. आणि देसना चालू असताना कुणीही चुलीपाशी नको, आधीच उरकून घ्या.

समतादूत

मला मान्य. डब्यातला तांदूळ कोरडा असतो, आंबायचा प्रश्न नाही.

गोदाकाठ

काल आश्विन पौर्णिमा झाली, सगळ्यांना वृत्तांत देते.

समितीच्या बैठकीत मी हा धागाच वाचून दाखवला. सुकटभाकरी दादांचं लिहिलेलं वाचताना अध्यक्षांनी चष्मा काढला. ठरलं ते असं : पोळी, भाजी, वरण-भात कॅटररचं. खीर विहारात, आणि ती मंडळाच्या मुलांनी आणि काकांनी करायची. पुढच्या वर्षापासून ज्यांना हवं त्यांनी घरी मुठीचा डबा ठेवावा. ठेवीचा विषय पुढच्या बैठकीत आहे.

पहाटे पाचला आठ पुरुष चुलीवर. चाळीस लिटर दूध. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी चहापलीकडे काही केलं नव्हतं, तो दोन तास उलथनं धरून उभा होता. सासूबाई खुर्ची टाकून शेजारी बसल्या, "तळापासून, तळापासून" एवढंच म्हणत. साडेनऊला चूल बंद, दहाला देसना सुरू. सगळ्या बायका पुढच्या सतरंजीवर. सव्वाअकराला भन्तेजींचं भोजन झालं. नर्सताई, त्यांना विचारून भाकरी, मेथी आणि ताक दिलं. खीर त्यांनी एक चमचा घेतली.

डबा वजन केला तर सव्वाचार किलो भरला. अडीच किलो खिरीला लागले, उरलेले कॅटररने भातात घातले. माझी मुलगी पंगतीत वाढत होती, आणि प्रत्येकाला सांगत होती, "ही आमच्या घरची आहे." शेजारच्या सोसायटीतली सहा कुटुंबं या वर्षी आम्ही स्वतः जाऊन बोलावली होती. पाच आली.

राजेहो_नागपूर

साधु साधु साधु! सहाव्यांना पुढच्या वर्षी परत बोलवा.

बँकॉकवासी

चाळीस लिटर दूध आणि खाली लागलं नाही? कसं?

गोदाकाठ

लागलं नाही. सासूबाईंनी दूध ओतायच्या आधी पातेलं पाण्याने विसळून घ्यायला लावलं, पुसायचं नाही. तांदूळ तासभर भिजवून, निथळून, थोड्या तुपावर परतून मगच दुधात टाकले. साखर अगदी शेवटी. आणि उलथनं लांब दांड्याचं लाकडी हवं.